दुःखाला बोल्ड लागत न्हाई

शेजारच्या दुकानातून सकाळची पहिली शिवी ऐकू आली, की मी समजतो व्यंकटेश अण्णांचा कॉम्प्युटर सुरू झाला. शिवी कुणा माणसाला नसते. पडद्याच्या कोपऱ्यात 'तुमचं सॉफ्टवेअर जुनं झालं आहे, नवीन घ्या' अशी एक चौकट उगवते, तिला असते. "काल सांगितलं की बे नको म्हणून! आज परत आलास? लाज हाय का न्हाई?"

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका बोळात माझं चष्म्याचं दुकान आहे आणि त्याला लागून अण्णांचं डिझाइनचं. मध्ये प्लायवूडची भिंत. भिंत म्हणायची आपली, ऐकायला सगळं येतं. डोळे तपासायला बसलेलं गिऱ्हाईक शेवटची ओळ वाचत असतं, तेवढ्यात पलीकडून "गप बस, ढोरा" असं येतं आणि ते बिचारं दचकतं. मला सांगावं लागतं, "तुम्हाला नाही हो. वाचा पुढं."

अण्णांचा चेहरा कायम तेराव्याला आल्यासारखा. मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही. घरचे मूळचे विणकर, तेलुगू बोलणारे. वडील चादरीची डिझाइनं ग्राफ पेपरवर काढायचे आणि लहानगे अण्णा त्यात रंग भरायचे. "चौकोन भरत भरत मोठा झालो मी, मालक," ते मला सांगतात. शेजारी असूनही त्यांनी मला कधी नावानं हाक मारलेली नाही. मी कायम 'मालक'. माझ्या उधारीवर चाललेल्या दुकानाकडं बघता हा टोमणा असावा असं मला बरेच दिवस वाटायचं.

नवीन सॉफ्टवेअर घ्या, असं त्यांना सुचवणारा माणूस धाडसी म्हणायचा. मी एकदा ते धाडस केलं.

"घेतो की," अण्णा म्हणाले. "पण ते म्हणतंय, मला नवीन विंडोज पायजे. विंडोज म्हणतंय, मला नवीन मशीन पायजे. मशीन म्हणतंय, तुझा प्रिंटर मला वळखत न्हाई. म्हणजे मी चहा प्यायला गेलो आणि मला हॉटेल विकत घ्यायला लावलं. आणि वर महिन्याच्या महिन्याला भाडं! भाडं थकलं, की मी काढलेलं चित्र मलाच दाखवणार न्हाई. चित्र कुणाचं? माझं. कुलूप कुणाचं? त्येंचं."

बाकीच्या प्रोग्रॅमांबद्दलही त्यांची ठाम मतं आहेत. अँटिव्हायरस म्हणजे त्यांच्या मते असा राखणदार, की जो चोराच्या आधी आपणच घरातलं सगळं जेवून टाकतो. कॉम्प्युटर साफ करणारे प्रोग्रॅम म्हणजे दिवाळीची साफसफाई, लागणारी वस्तू आधी भंगारात. नेटची वायर त्यांनी केव्हाच उपटून खिळ्याला टांगली आहे, कारण सगळ्या भानगडी त्याच बिळातून आत येतात.

सगळ्या मशीनमध्ये अण्णांचा जीव आहे तो एका फुकट्या प्रोग्रॅमवर. फायली एकत्र बांधून ठेवण्याचं त्याचं काम. त्याची फुकट वापराची मुदत कधीच संपली आहे. तरी तो रोज नम्रपणे 'मुदत संपली बरं का' एवढंच म्हणतो आणि काम करू देतो. "ह्याला म्हणायचं माणुसकी," अण्णा म्हणतात. "आठवण करतंय, पण हाकलत न्हाई."

पूर्वी त्यांच्याकडं लग्नपत्रिकांची रीघ असायची. आता आमंत्रणं मोबाइलवर जातात. अण्णांकडं उरले ते मेलेले. कुणी गेलं की चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, आणि तो करावा तर अण्णांनीच. दुसरे लोक फोटोला नुसतं गोरं करून ठेवतात. अण्णा मात्र लग्नातल्या घोळक्यातून नेमका माणूस अलगद काढतात, त्याच्या खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसतात आणि मागं आभाळ भरतात. अक्षरं तीच, त्यांच्या जुन्या फॉन्टमधली, भरदार आणि गोलाईची.

खरं भांडण होतं ते खाली. फ्लेक्सच्या तळाला 'शोकाकुल' लिहून नावं टाकायची रीत आहे. कुणाला आपलं नाव मोठं हवं असतं, कुणाला ठळक. मेलेल्याच्या पुतण्याला निवडणुकीला उभं राहायचं असलं तर विचारूच नका. अण्णा ऐकत नाहीत. "दुःखाला बोल्ड लागत न्हाई," एवढं बोलून ते सगळ्यांना एका मापात बसवतात. आणि नावं सांगायचा कंटाळा करून कुणी 'समस्त मित्रपरिवार' टाका म्हणालं, की ते माउस सोडून मागं टेकतात. "समस्त म्हंजे कुणीच न्हाई. नावं आणा, मग बघू."

अण्णांनी लग्न केलं नाही. एक भाऊ होता, तो बायकामुलांना घेऊन भिवंडीला गेला तो गेलाच. घरात आई आणि हे. आई वारली तेव्हा तिचाही फ्लेक्स चौकात लागला. इतका सुंदर फ्लेक्स त्या चौकानं पाहिला नसेल. तळाला 'शोकाकुल' आणि त्याखाली एकच नाव, व्यंकटेश, बारीक अक्षरात. बाकी सगळं रिकामं आभाळ. येणारे-जाणारे मला विचारायचे, "खालचं छापायचं राहिलं का हो?"

यंदाच्या एप्रिलमध्ये एका सकाळी शिवी ऐकूच आली नाही. मी पलीकडं डोकावलो, तर अण्णा काळ्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. मशीन सुरू होत नव्हतं. मीच दस्तगीरभाईंना फोन लावला. ते दुरुस्तीवाले, अण्णांचं मशीन त्यांनी आजवर कितीदा तरी जगवलेलं. त्यांनी डबा उघडला, फुंकर मारली, बराच वेळ आत खुडबुड केली. दुपारी एकदाचा पडदा उजळला.

"अन्ना, ये आखरी बार है," दस्तगीरभाई म्हणाले. "आज जो निकालना है, निकाल लेव. कल मेरेकू बोलू नक्को. और नये मशीनपे तुमारा ये सॉफ्टवेअर चलताच नहीं."

ते गेले. मी शटर अर्धं ओढलं आणि अण्णांजवळ स्टूल ओढून बसलो. एवढ्या वर्षांच्या पत्रिका, एवढी माणसं. "कुठून सुरू करायचं?" मी विचारलं.

"पत्रिका ऱ्हाऊ द्या. त्येंची लग्नं झाली," अण्णा म्हणाले. "एकच फाइल हाय. अर्धी हाय ती. पुरी करून फोटोसारखी काढून ठेवायची, म्हंजे कुठल्याबी मशीनवर उघडंल."

फाइल उघडली आणि मी स्टूलवरून उठलोच. निळं आभाळ, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि मध्ये अण्णांचाच फोटो. गिऱ्हाइकानं हातापाया पडून सांगितलं तरी मेलेल्याचे केस काळे न करणाऱ्या माणसानं स्वतःचे मात्र व्यवस्थित काळे केले होते. फोटोत ते थोडे हसतही होते. हे हसू त्यांनी कुठून आणलं, मला कळेना.

"अण्णा, काय अभद्र चालवलंय हे!" मी ओरडलोच.

"अभद्र काय त्यात? नवीन मशीनवर माझा फॉन्ट उमटत न्हाई. सगळे चौकोन दिसत्यात. जन्मभर चौकोन भरले, मेल्यावर नाव तरी अक्षरात नको का? तारखेला जागा सोडलीया. ती कुणीबी पेननं टाकंल."

मी खाली बघितलं. 'शोकाकुल' लिहिलेलं होतं. त्याखाली काही नव्हतं.

"समस्त टाकलं होतं," अण्णा हळू म्हणाले. "दोनदा टाकलं आणि दोनदा खोडलं."

पंखा कुरकुरत होता. मशीन मध्येच घरघरलं तसं आम्ही दोघंही दचकलो, पण पडदा टिकला. अण्णांनी कीबोर्ड जवळ ओढला. माझ्याकडं न बघता, गिऱ्हाइकाला विचारतात त्या कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं, "मालक, तुमचं पूर्ण नाव काय?"

मला हसू आलं आणि रडूही. इतकी वर्षं एका भिंतीला टेकून दुकान चालवतो आहोत, आणि हा माणूस आज माझं नाव विचारतो आहे, तेही कशासाठी! मी नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

अण्णांनी ते सावकाश टाइप केलं. एकदा वाचलं. मग माउस नेऊन सगळं नाव निवडलं आणि बोल्ड केलं.

"अहो अण्णा," मी म्हणालो, "दुःखाला बोल्ड लागत नाही ना?"

"एकच नाव हाय की, मालक," अण्णा म्हणाले. "लांबून दिसाय पायजे."