हवालदारांची कामचुकार फुलं

लढाई संपली आणि हंबीरराव हवालदार पेन्शन घेऊन रहिमतपूरला घरी आले. आता काही करायचं नाही, घरात नुसतं बसून राहायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. बसायला घरात जागाच नाही हे त्यांना नंतर कळलं.

उंबऱ्यात बसावं तर बायकोच्या पायात येत. सोप्यात बसावं तर तिथं शेंगा वाळत घातलेल्या. चुलीपुढं बसावं तर पुरुषमाणूस बघत बसला की भाकरी फुगत नाही, असं साळूबाईंचं म्हणणं. नवरा पलटणीत असताना घर त्या बाईनं एकटीनं हाकलं होतं. सासूचं दुखणंखुपणं काढलं, पोरीचं लगीन करून दिलं, दोनदा कौलं फिरवली. नवरा वर्षाकाठी महिनाभर यायचा, पाव्हण्यासारखं खायचा आणि जायचा. आता तो जाईना.

"आवं, जरा तिकडं सरका."

"आता कुठं सरकू? भिताडात?"

"बगा, मावत असला तर."

माणसाला आपल्याच घरात हक्काची म्हणावी अशी हातभर जागा नसावी, हे हवालदारांना लागलं. म्हणून त्यांनी परडं मागितलं. घरामागं कुडाच्या न्हाणीपासून शेजारच्या अंबूबाईंच्या बांधापर्यंत मोकळी जागा होती, तेच परडं. तिथं भाजीपाला लावीन म्हणाले. साळूबाईंच्या मनात तिथं म्हैस बांधायची होती. नुसती मनात नव्हे, दावं वळून खुंटीला अडकवून झालं होतं.

"दसऱ्यापतूर दिलं," साळूबाई म्हणाल्या. "तुमच्या परड्यातल्या भाजीनं ह्या घरात भाकरीसंगं खायाला एका येळचं कोरड्यास झालं, तर परडं जलमभर तुमचं. न्हाई झालं तर म्हस."

"एका येळचं? अगं, गल्लीला जेवाण घालीन."

हे ते मोठ्यानं बोलले. बांधापलीकडं अंबूबाई शेणी थापत होत्या. त्यांनी हात धुवायच्या आत गल्लीला आवतण पोचलं.

आता नाव हंबीरराव असलं तरी हवालदारांनी लढाई लांबूनच ऐकलेली. लढाईची सगळी वर्षं तिकडं इराकात बसऱ्याला शिध्याच्या कोठीवर काढलेली. (बंदूक एकदाच रोखली, तीही पिठाच्या पोत्यावरच्या उंदरावर. उंदीर बसून राहिला.) पण शिस्त मात्र अंगात मुरलेली. त्यांनी दोरी धरून वांगी लावली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, शिट्टी वाजवून पाणी घातलं. वांग्यांची मुळं कुजली. कोथिंबीर कोंबड्यांनी उकरली. पपईचं रोप शेळीनं खाल्लं, तेही हवालदार गल्लीतल्या नानासोला पपईच्या झाडाची निगा समजावून सांगत होते तेव्हा.

उरला भोपळ्याचा वेल. त्याला मात्र ह्या माणसाची निगा मानवली म्हणायची, की वेलानं तिकडं लक्षच दिलं नाही कुणास ठाऊक. परडंभर पसरला, बांधावर चढला आणि पिवळ्याधमक फुलांनी भरून गेला.

हवालदारांनी वेलाची पाहणी केली. फुलं दोन तऱ्हेची होती. काहींच्या बुडाशी लिंबाएवढा गोळा, म्हणजे पुढं भोपळा होणार हे आंधळ्यालाही कळावं. बाकीची नुसती लांब दांडीवर उभी. बुडाशी काही नाही, पुढं काही होण्याचं लक्षण नाही.

"ही बग कामचुकार," हवालदार बायकोला म्हणाले. "पानी पित्यात, खत खात्यात, अन् काम काय, तर उबं ऱ्हायाचं. असली माणसं म्या कोठीवर टिकू दिली न्हाईत, हितं फुलं टिकू देतोय व्हय?"

आणि दांडीवरची सगळी फुलं खुडून त्यांनी बुट्टीत भरली आणि बायकोपुढं ठेवली.

साळूबाईंनी बुट्टीकडं बघितलं. मग नवऱ्याकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि बेसन कालवायला घेतलं.

त्या दिवशी भोपळ्याच्या फुलांची भजी झाली. अशी कुरकुरीत की अंबूबाई वास घेत बांधापाशी आल्या आणि पदरात चार घेऊन गेल्या.

"रोज आनत जावा," साळूबाई म्हणाल्या.

घरी आल्यापासून बायको पहिल्यांदाच गोड बोलली होती. हवालदारांची छाती बसऱ्याला फुगली नव्हती एवढी फुगली. ते रोज उजाडताना उठत, पानं वर करकरून एकेक कामचुकार धरत आणि मुंडी मुरगळत. मागं एक राहू देत नसत. मग बुडाशी गोळे असलेल्या फुलांची हजेरी घेत, एकेकाकडं बोट दाखवून मोठ्यानं मोजत.

आणि गोळे पिवळे पडून गळायला लागले.

आधी एक गळला, मग तीन, मग सगळेच. नवे धरत, लिंबाएवढे होत आणि मऊ पडून खाली येत. हवालदारांनी राख टाकली. गोमूत्र शिंपडलं. दृष्ट नको म्हणून पलटणीतला बूट काठीला उलटा टांगला. त्यात चिमणीनं घर केलं, एवढंच.

शेवटी नाक मुठीत धरून ते चुलीपाशी आले.

"साळे, भोपळं गळाया लागल्यात."

"गळनारच की." साळूबाईंनी भजं उलटलं. "बोट दावून मोजता. कवळ्या फळाला बोट दावलं की ते कुजतं. पोरासोराला ठावं हाय."

"असल्या बायकी गोष्टींवर माजा इस्वास न्हाई," हवालदार म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते बोट दुमडून मोजायला लागले. तरी गळती थांबेना, म्हणून हात पाठीमागं बांधून नुसत्या नजरेनं मोजायला लागले. मग वाटलं, दुसरीकडं दाखवलेलं बोटही बाधत असेल. बाजारात कांदे हनुवटीनं निवडले. एका वाटसरूनं स्टेशनचा रस्ता विचारला, तो कोपरानं दाखवला. तो बिचारा नदीवर जाऊन गाडीची वाट बघत बसला.

नवरात्र बसलं. गोळे गळतच होते. भजी चालूच होती.

एकदा त्यांनी घास तोंडात असताना म्हणून बघितलं, "अगं, ही भजी काय परड्यातल्या भाजीचीच की. झालं न्हवं कोरड्यास?"

"बेसन माजं, त्याल माजं. अन् भज्याला कोरड्यास म्हनत्यात व्हय कुनी? भाकरीसंगं काय खाल्लं तुमी?"

"आमटी."

"मग."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी निरोप आला, म्हैस साळूबाईंच्या माहेराहून निघाली. साळूबाईंनी खुंटीवरचं दावं काढून झटकलं. हवालदार परड्यात जाऊन त्या फळाविना वेलापुढं उकिडवे बसले. उद्यापासून पुन्हा उंबरा, पुन्हा 'जरा तिकडं सरका'.

तेवढ्यात बांधापलीकडून हाक आली.

"भावजी, जरा येता का? भोपळा फोडायचाय."

अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिली सुरी लावायची नाही, ही आपल्याकडची रीत. पहिला घाव गड्याचा. पुढं चिरायचा, शिजवायचा, वाढायचा आणि भांडी घासायची, त्याला गडी लागत नाही. अंबूबाई विधवा, मुलगा सांगलीला नोकरीला. घरात गडी नाही, म्हणून शेजारचा बोलवायचा.

हवालदार विळा घेऊन गेले. आणि बघतात तर अंबूबाईंच्या गोठ्याच्या छपरावर पाटीएवढा भोपळा बसलेला. त्याच्या पलीकडं आणखी दोन. वेल कुठून आला म्हणून नजर मागं मागं नेली, तर छपरावरून बांधावर, बांधावरून थेट त्यांच्याच परड्यात.

आणि छपरावर दांडीची फुलं हीऽ उभी. त्यांच्यात भुंगे घुमत होते. अंगाला पिवळी भुकटी माखून एकातून निघायचे आणि गोळ्याच्या फुलात शिरायचे. बांध ओलांडून परड्यात उतरायची त्यांना गरजच नव्हती.

"वैनी," हवालदार म्हणाले, "ही बिनकामाची फुलं तुमी खुडत न्हाई?"

"अवो, खुडून कसं चालंल? ती गडीफुलं. ती नसली तर भोपळा धरायचा कसा?"

हवालदारांनी विळा खाली टेकवला.

"हे साळूला ठावं हाय?"

"तिनंच तर शिकवलं मला. म्या नवी नवरी हुते तवा."

अंबूबाईंनी शिडीवर चढून तो भोपळा काढला आणि अंगणात ठेवला. हवालदार हलेनात.

"वैनी, ह्यो भोपळा माजा हाय. मूळ माज्या परड्यात हाय."

"मूळ असंल तुमचं. वासं माजं वाकल्यात. फोडा आता, आधण ठेवलंय."

भांडून वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. हवालदारांच्या डोक्यात एकच होतं: ह्याची एक फोड घरी गेली, शिजली, की परडं आपलं. त्यांनी घाव घातला. अंबूबाईंनी रीतीप्रमाणं गड्याला फोड दिली. ती धोतराच्या सोग्याखाली धरून ते छातीवर बिल्ला लावल्यासारखे घरी आले.

साळूबाईंनी फोड शिजवली. मोहरी घातली, गूळ घातला. हवालदारांनी भाकरीशी खाल्ली, ताटली पुसून खाल्ली, आणि मांडी ठोकून म्हणाले, "झालं कोरड्यास. माज्या परड्यातलं."

"ही फोड शेजारनीनं दिल्याली."

"पर येल माजा. बी माजं, पानी माजं. नुसता बांधापलीकडं गेला."

साळूबाईंनी ताटली उचलली. "आपली पोरगी वाईला दिली. तिचं प्वार कुनाचं नाव लावतंय, आपलं का त्यांचं?"

पलटणीत असल्या प्रश्नाला उत्तर द्यायला सायेब असायचा.

"गडीफुलांचं तुला ठावं हुतं," हवालदार म्हणाले.

"हुतं की."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा? अन् भजी लय चांगली हुत हुती."

दसऱ्याला म्हैस आली. शिंगांना झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. संध्याकाळपर्यंत तिनं उरलासुरला वेल खाल्ला आणि काठीवरच्या बुटाची नाडी चघळली. हवालदारांना तिच्याशेजारी दगडावर बसायला जागा मिळाली. शेण काढायची बुट्टीही मिळाली, तीच फुलांची.

साळूबाई धार काढत होत्या. हवालदार घसा खाकरून म्हणाले, "पर एक हाय, साळे. गडीफूल दिसाया बिनकामाचं दिसतं, पर ते लागतंच. त्येच्याबिगर भोपळा न्हाई."

"लागतं की," साळूबाई आचळावरचा हात न थांबवता म्हणाल्या. "म्हनून तर तुमाला अजून खुडलं न्हाई. जरा तिकडं सरका, म्हशीला वैरन दिसत न्हाई."