अकराशे बोल्ट आणि दोनशे बारा चिठ्ठ्या

विषय : मुक्काम कॅरी, नॉर्थ कॅरोलायना येथील राहत्या घराच्या गॅरेजात सुट्या भागांच्या अवस्थेत असलेल्या सन १९७० च्या शेव्हेल मोटारीचा जीर्णोद्धार.

संदर्भ : सून नेत्रा हिचे घर सोडतानाचे तोंडी वाक्य.

वरील विषयास अनुसरून सांगायचे ते असे, की मनोहरराव उमराणी यांना फक्त एक स्क्रू हवा होता. देव्हाऱ्याची फळी भिंतीवरून सुटली होती आणि मुलगा यतीन ऑफिसच्या कामाने आठवडाभर डॅलसला गेला होता. म्हणून ते गॅरेजात गेले.

गॅरेजात मोटार होती असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. मध्ये सांगाडा ठोकळ्यांवर उभा होता, इंजिन कोपऱ्यात साखळीला लटकत होते आणि मागची सीट भिंतीशी जमिनीवर पडली होती. चार वर्षांपूर्वी यतीन आणि नेत्राने ही आठ सिलिंडरची गाडी हौसेने आणली. खोलायचे काम नेत्राने घेतले, जोडायचे यतीनने. खोलणे पाच महिन्यांत संपले. जोडणे अजून चालू होते. मधल्या काळात यतीनने गिटार, इटालियन भाषा आणि मागच्या अंगणातला डेक म्हणजे लाकडी ओटा अशी आणखी तीन कामे सुरू केली. (डेकला पायऱ्या होत्या, डेक नव्हता.)

गेल्या तीस ऑक्टोबरला नेत्रा दूर उत्तरेकडच्या श्रूजबरीला बहिणीकडे निघून गेली. जाताना दारात म्हणाली, "एक गोष्ट पुरी कर, यतीन. ही गाडी ड्राइव्ह करत श्रूजबरीला ये, मग बोलू. नाहीतर वर्ष झालं की मी पेपर्स फाइल करते."

नॉर्थ कॅरोलायनात घटस्फोट मागण्याआधी नवराबायकोला एक वर्ष वेगळे राहावे लागते. अमेरिकेतला हा एक कायदा मनोहररावांना मनापासून पटला. जिल्हा कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षे काढल्यावर, प्रकरण पडून राहिले की त्यातली धग निघून जाते, असे त्यांचे मत झाले होते. (हे प्रकरण मुळात पडून राहिल्यामुळेच उद्भवले होते, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला.)

तर स्क्रू शोधताना त्यांना त्या पिशव्या दिसल्या. तारांवर ओळीने टांगलेल्या दोनशे बारा पारदर्शक पिशव्या. प्रत्येकीत पाच-सहा बोल्ट आणि नेत्राच्या अक्षरातली एक चिठ्ठी. 'वायपर'शेजारी 'डावा दरवाजा', त्याच्याशेजारी 'रेडिएटर'. एकाच मापाचे बोल्ट अकरा निरनिराळ्या पिशव्यांत. मनोहररावांना भडभडून आले. आपला मुलगा कुठे अडकला आहे हे त्यांना तिथल्या तिथे कळले. रेकॉर्डच लावलेले नव्हते.

त्यांनी बाह्या सरसावल्या. पाच दिवस ते सकाळी दहा ते साडेपाच या वेळेत गॅरेजात बसले, मध्ये जेवणाची सुट्टी. सगळे बोल्ट एकत्र करून चिंचेच्या पाण्यात भिजवले. काहींच्या डोक्यावर लाल डाग होते, ते चिंचेला दाद देईनात, म्हणून दाढीच्या ब्लेडने खरवडले. मग लांबीप्रमाणे अंड्यांच्या रिकाम्या खोक्यांत लावले आणि नोंदवही केली : अनुक्रमांक, लांबी, जाडी, गंज, शेरा. एकूण अकराशे सात. पिशव्या कचऱ्याच्या गाडीने गुरुवारी नेल्या.

शनिवारी यतीन आला. बॅग खांद्यावर असतानाच त्याने गॅरेजचा दिवा लावला आणि रिकाम्या तारांकडे पाहिले.

"बाबा, इथल्या पिशव्या?"

"टाकल्या. जागा अडवत होत्या."

"आणि चिठ्ठ्या?"

"मी कागद टाकीन का?" मनोहररावांनी लाल फितीने बांधलेला गठ्ठा पुढे केला. "दोनशे बाराच्या दोनशे बारा. अकारविल्हे लावल्यात."

यतीनने वरची चिठ्ठी वाचली. 'बॉनेट, उजवं बिजागर. यतीन घाई करेल. करू देऊ नये.'

"आणि ह्या बिजागराचे बोल्ट कुठले?"

मनोहररावांनी नोंदवहीकडे पाहिले. नोंदवहीत सगळे होते, एवढे सोडून.

"तिने त्यांच्यावर नेलपॉलिशचे ठिपके दिले होते," यतीन म्हणाला. "पिशवी फाटली तर कळावं म्हणून."

"लाल?"

"हो."

मनोहररावांनी ब्लेडचा उल्लेख केला नाही. यतीन जमिनीवरच्या मागच्या सीटवर बसला. ओरडला असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी शेजारचा सुशांत आला. तो नागपूरचा, औषध कंपनीत नोकरीला, पण गाड्यांतले कळणारा. त्याने खोकी पाहिली, नोंदवही चाळली. "काका, इतकं व्यवस्थित कोणी काही बिघडवलेलं मी पाहिलं नाही," तो म्हणाला. "नवीन बोल्टचं किट मिळतं यार, यतीन."

"किट आलं तरी कुठे काय लावायचं हे तिलाच माहीत आहे."

"मग विचार ना तिला."

"विचारेन."

विचारले नाही. त्याऐवजी तिघांनी अंदाजाने बॉनेट बसवायला घेतले, कारण तेवढे एकच रंगवून तयार होते, चकचकीत निळे. उजव्या बिजागराला यतीनने अनुक्रमांक ४१२ लावला आणि घाई केली. बोल्ट पाव इंच लांब निघाला. निळ्या रंगावर आतून एक फोड उठला, तापातल्या पुटकुळीसारखा, आणि टोकाला रंग तडकला. सुशांत पाना ठेवून घरी गेला. यतीन त्या फोडावर बोट फिरवत राहिला. ऑक्टोबर लागला होता.

तेव्हा मनोहररावांनी प्रकरण हातात घेतले. नेत्राने दोन दिवस येऊन बोल्ट ओळखून द्यावेत, अशा विनंतीचा रीतसर अर्ज त्यांनी लिहायला घेतला आणि पहिल्याच शब्दाला अडले. 'सौ.' लिहावे, तर प्रकरणाचा निकाल आपणच आधी लावल्यासारखे होते. 'श्रीमती' लिहावे, तर त्यांच्या कचेरीत तो शब्द विधवेला लावत. म्हणजे पोटचा मुलगा कागदोपत्री मारायचा. 'कुमारी'चा प्रश्नच नव्हता. शेवटी त्यांनी नुसते 'नेत्रा' लिहिले आणि त्याआधी बोटभर जागा कोरी सोडली. खाली आपली सही केली, तारीख घातली आणि पोचपावतीच्या टपालाने अर्ज श्रूजबरीला धाडला.

बारा तारखेला नेत्राचा फोन आला.

"बाबा, तब्येत बरी ना?"

"बरी आहे. अर्जाचं काय झालं?"

"वाचला. दोनदा वाचला. नावाच्या आधी जागा का सोडलीत?"

"नंतर भरता यावी म्हणून."

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "अर्जात त्रुटी आहे एक."

मनोहरराव खुर्चीत सरळ झाले. चौतीस वर्षांत त्यांच्या अर्जात कोणी त्रुटी काढली नव्हती. ते काम त्यांचे होते.

"सही तुमची आहे," नेत्रा म्हणाली. "अर्जदार कोण, बाबा? मी यायला कोणाला हवीय?"

"मी त्याच्या वतीने..."

"वतीने चालत नाही. लग्नाच्या नोंदणीला घाईत यतीनच्या जागी माझ्या भावाने सही केली, तर तुम्ही आख्खा फॉर्म परत केलात. मांडवातून. आठवतंय?"

आठवत होते. तेव्हा त्यांना स्वतःचे कौतुकही वाटले होते.

"त्याच्या सहीने पाठवा. फोटो काढून पाठवलात तरी चालेल. मी दोन दिवस रजा टाकून येते. ठिपके नसले तरी मला कळतील, मीच काढलेत ते."

मनोहररावांनी त्याच दुपारी अर्ज नव्याने उतरवला आणि कागद-पेन घेऊन गॅरेजात गेले. यतीन सांगाड्याखाली उताणा पडला होता, फक्त पाय बाहेर. मनोहरराव गुडघे धरून खाली बसले आणि नेत्राचे सगळे बोलणे त्यांनी त्या पायांना सांगितले.

पाय हलले नाहीत.

"ती येते म्हणाली?"

"सही झाली की. इथे, खाली."

"करतो, बाबा. नीट वाचून करतो. आत्ता हात ग्रीजचे आहेत. उद्या."

हा शब्द मनोहररावांच्या ओळखीचा होता. कचेरीच्या खिडकीशी आलेल्या माणसांना तो त्यांनी चौतीस वर्षे ऐकवला होता, आणि शाळा सुटल्यावर यतीन त्याच खिडकीमागे बसून गृहपाठ करत असे.

आज एकवीस तारीख, वर्ष भरायला नऊ दिवस आहेत. कागद मागच्या सीटवर आहे, उडू नये म्हणून त्यावर एक बोल्ट ठेवला आहे. तो कुठला, हे माहीत नाही. देव्हाऱ्याची फळीही लागलेली नाही. तिला चालेल असा स्क्रू नोंदवहीत आहे, अनुक्रमांक ६४३, पण तो न जाणो कार्बुरेटरचा निघेल म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. देव सध्या फ्रिजवर आहेत.

अर्ज अर्जदाराच्या सहीसाठी प्रलंबित आहे.