नाताळात बघण्यासारखं घर

चर्चच्या पोरांनी यंदा हॉइट पेटसच्या फाटकातच दिवे मांडून ठेवले होते. दिवे नेहमीचेच, कागदी पिशवीत ओंजळभर वाळू आणि वाळूत खोचलेली मेणबत्ती. डिसेंबरातल्या एका रविवारी अलाबामातल्या त्या मॅग्रूडर गावात सजवलेली घरं लोकांना दाखवायची रीत होती. तिकीट काढून निघालेल्या मंडळींनी कुठल्या घराकडे वळायचं ते हे दिवे सांगत. या रस्त्यावरचे दिवे दरवर्षी शेजारच्या ऑगस्टा थॉर्नहिलबाईंच्या खांबवाल्या बंगल्याकडे वळत. वाटेत हॉइटची गाडी आत घ्यायची जागा आहे, हे पोरांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

एरवी त्याने तिकडे बघितलंही नसतं. पण आज अटलांटाहून शेली यायची होती. लेकीच्या गाडीखाली मेणबत्त्या नकोत म्हणून त्याने वाटेतल्या सगळ्या पिशव्या उचलल्या. आता उचललेली वस्तू कुठेतरी टाकून द्यायची, हे हॉइटच्या रक्तातच नव्हतं. त्याने त्या आपल्या दारापर्यंत दोन्ही बाजूंनी सरळ रांगेत लावल्या, लांब जाऊन एक डोळा मिटून रांग तपासली आणि हात झटकले.

ही घरं बघायची हौस मूळची लव्होनची, म्हणजे हॉइटच्या बायकोची. शेली चालायला लागल्यापासून मायलेकी दर वर्षी न चुकता जायच्या. "चल की रे," असं लव्होन दर वर्षी म्हणायची, आणि "तुम्ही जा, मी मॅच बघतो," असं हॉइट दर वर्षी म्हणायचा. गेल्या वसंतात लव्होन गेली. यंदा त्याने स्वतःहून शेलीला फोन करून "मी येतो तुझ्याबरोबर" असं सांगितलं होतं. दोन तिकिटं फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावून ठेवली होती.

शिवाय त्याने ड्रेसिंग केलं होतं. मक्याचा पाव कुस्करायचा, त्यात कांदा, सेलरी, अंडी आणि कोंबडीचं पाणी घालून भाजायचं. लव्होनची कृती होती चर्चच्या पंगतीची. ती निम्मी करायला बसल्यावर अर्धं अंडं कसं फोडायचं इथे त्याचं घोडं अडलं. शेवटी त्याने सगळंच घातलं. दोन माणसांसाठी दोन भलेथोरले ट्रे झाले.

पाचला फोन वाजला.

"डॅडी, ऐक ना, रागावू नको हं. धाकट्याला ताप भरलाय. निघताच येत नाहीये रे."

"अगं, मी कशाला रागवू? पोराला सांभाळ."

"तू जाशील ना पण? तिकिटं काढलीयस."

"जातो की! हा काय, बूटच घालतोय."

फोन ठेवून त्याने पायातले बूट काढले. टीव्हीवर मॅच लावली, आवाज मोठा केला आणि आरामखुर्चीत पाय पसरले. त्याला फार एकटं वाटलं. इतकं, की जाहिरात लागली तरी आवाज कमी करायला हात पुढे झाला नाही.

तेवढ्यात बेल वाजली. आली! पोरगी थट्टा करत होती! तो मोज्यांवरच धावला. दार उघडलं तर फाटकाशी चर्चची बस उभी, आणि पायपुसण्यावर ठेवणीतल्या कपड्यांतल्या सात-आठ बायका ओळीने पाय पुसतायत.

"तिकीट कुणाला द्यायचं, बाळा?" सगळ्यांत पुढच्या म्हाताऱ्या ओपलबाईंनी विचारलं. हॉइट स्वतः सत्तरी ओलांडलेला होता.

"तसं नाही, बाई, ते घर म्हणजे..."

"अगंबाई, वास काय सुरेख सुटलाय घरात!"

वसंतापासून या घराच्या वासाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. हॉइटच्या तोंडून निघून गेलं, "या ना, आत या." आणि अलाबामात एकदा "आत या" म्हटलं की मग देवाला बोलावलं तरी पाहुणे परत पाठवता येत नाहीत.

ओपलबाईंचे यजमान, डब, सगळ्यांच्या मागून आले. सकाळपासून घरं बघून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. "मॅच लागलीय?" एवढंच विचारून ते हॉइटच्या आरामखुर्चीत बसले आणि लगोलग त्यांनी बूटही काढले.

बायका हात मागे बांधून दिवाणखान्यातून फिरू लागल्या. बघायला काय होतं? वर्तमानपत्रांचा गठ्ठा, गरम पाण्याची पिशवी, खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला टॉवेल.

"झाड कुठे ठेवलंय?"

"माळ्यावर," हॉइट म्हणाला. "खोक्यात."

सगळ्या माना वर छताकडे गेल्या. पण त्या भागात कुणाच्या घरात उभं राहून त्या घराला नावं ठेवणाऱ्या बाईला तिच्या आईने जन्मच दिलेला नसतो.

"किती साधं!" एकजण म्हणाली.

"अगदी येशूच्या गोठ्यासारखं," दुसरी म्हणाली.

"आणि हा टॉवेल!" तिसरीला आणखी काही सुचेना.

हॉइटला आठवलं, झोपायच्या खोलीतला पलंग तसाच पडलाय. दाराची कडी तर कधीच मोडलेली. त्याने घाईघाईने गाऊनचा पट्टा काढून चौकटीला आडवा बांधला. तिथेच चुकलं. ज्या खोलीला दोरी लावलेली असते तिथेच खरी मौल्यवान वस्तू असते, हे घरं बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तोवर दुसरी बसही आली होती. बघता बघता पट्ट्याशी गर्दी झाली, टाचा उंचावून माना आत गेल्या. पलंगाची एक बाजू चुरगळलेली होती. दुसऱ्या बाजूला पांघरूण ताठ, आणि उशी कुणी डोकं टेकवलं नसल्यासारखी फुगलेली. माना एकेक करून बाहेर आल्या. ओपलबाईंनी फक्त त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

काहीतरी करायला हवं म्हणून हॉइटने ड्रेसिंग वाढायला घेतलं. बशा संपल्यावर बशांच्या जागी कॉफीचे कप आले. बाहेर वास गेला, रांग रस्त्यावर आली, गाड्या आवरायला पोलीस आला आणि तोही एक कप घेऊन ओट्याला टेकला. मग थॉर्नहिलबाईंकडची हार्प वाजवणारी मुलगी दारात उभी राहिली. "तिथे कुणीच नाहीये. मी इथेच वाजवायचं होतं का?" दोघांनी उचलून ते माणसाएवढं तंतुवाद्य टीव्हीशेजारी आणलं. डबच्या घोरण्याला एकदम थाट आला.

हॉइटचे कान लाल झाले होते, शर्टावर ड्रेसिंग सांडलं होतं. "आणखी घ्या, लाजू नका," असं तो ओरडून सांगत होता, आणि असं ओरडायला आपल्याला किती आवडतंय याचं त्याला नवल वाटत होतं.

आणि मग दारात मखमली झग्यातल्या ऑगस्टाबाई दिसल्या.

"हॉइट," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुझ्याकडे बरीच मंडळी आलीयत वाटतं."

"ऑगस्टाबाई, देवाशपथ सांगतो, ते दिवे... शेलीची गाडी यायची होती, म्हणून मी..." त्याने फाटकाकडे हात केला. "या सगळ्यांना वाटलं हेच तुमचं घर."

"काहीतरीच काय!" ओपलबाई कपातून मान वर करून म्हणाल्या. "तीस वर्षं येतेय मी. खांबवालं घर आम्हाला ठाऊक नाही होय? पण तू 'आत या' म्हणालास ना, बाळा. मग नाही कसं म्हणायचं? आणि ऑगस्टा, रागावू नकोस, तुझ्याकडे बघायला पुष्कळ असतं, पण खायला काय, तर काडीएवढी चीजची बिस्किटं."

ऑगस्टाबाईंनी ओठ घट्ट मिटले. "ऑक्टोबरपासून सजवतेय मी," त्या हळूच म्हणाल्या. "तीन झाडं. मुलं काही येत नाहीत आता. वर्षातून हा एकच दिवस घरात माणसं असतात."

बाईंची सगळी माणसं त्याने जेवायला घालून पळवली होती. त्याने टाळ्या वाजवल्या. "मंडळी, शेजारी चला! खरं घर शेजारी आहे!"

"हो हो, निघालोच," सगळे म्हणाले, आणि कुणीही हललं नाही. दुसरा ट्रे अजून निम्मा होता.

तेव्हा हॉइटने बूट घातले, फ्रिजवरची दोन्ही तिकिटं घेतली आणि ऑगस्टाबाईंबरोबर चालू लागला.

आपल्या दारात पोचताच बाईंचा कणा ताठ झाला. "शुभ संध्याकाळ. पाय पुसून घ्या. कशाला हात लावायचा नाही."

हॉइटने तिकिटं पुढे केली. त्यांनी एक फाडलं आणि दुसऱ्याकडे बघितलं.

"लव्होनचं," तो म्हणाला. खरं तर ते शेलीचं होतं.

ऑगस्टाबाईंनी तेही फाडलं, अगदी नीट, रेघेवर.

तिन्ही झाडं बघून झाली. जिन्याच्या वरच्या वळणावर एक खिडकी होती, तिथे त्या थांबल्या. "इथे उभी राहायची ती. दर वर्षी. माझी झाडं राहिली बाजूला, इथून हात हलवत बसायची."

"कुणाला?"

"तुला! दुसऱ्या कुणाला? पोरगी म्हणायची, 'मम्मा, तो बघत नाहीये गं.' ती म्हणायची, 'बघेल कधीतरी.'"

हॉइट खिडकीशी गेला. दोन्ही बाजूंना दिवे लावलेली वाट, त्याचं बुटकं घर, आणि उजेडाने भरलेला दिवाणखाना. ओपलबाई कुणा नव्या पाहुण्यांना गाऊनच्या पट्ट्याकडे नेत होत्या. टीव्ही लुकलुकत होता आणि समोर आरामखुर्चीत डब तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

हॉइटने हात वर केला. थोडा वेळ तसाच हलवत राहिला.

"अरे, वर बघ की लेका," तो म्हणाला.