किल्ली सुरक्षित आहे

माणूस कुलूप लावतो ते चोर येऊ नये म्हणून नव्हे, तर स्वतःला झोप यावी म्हणून. या दृष्टीने पाहिले तर मोटारीच्या इलेक्ट्रॉनिक किल्लीइतकी यशस्वी वस्तू विज्ञानाने आजवर दिलेली नाही.

पूर्वी दोन तारा एकमेकींना लावल्या की कुणाचीही गाडी कुणाचीही होत असे. इमोबिलायझर नावाच्या यंत्रणेने हा प्रकार बंद पाडला. आता गाडी आधी किल्लीला एक गुप्त प्रश्न विचारते. उत्तर बरोबर आले तरच इंजिन सुरू होते, नाहीतर ढिम्म. तारा जोडणाऱ्या जुन्या चोरांचे यामुळे अतोनात नुकसान झाले. (त्यांच्या पुनर्वसनाचा विचार अद्याप कुणी केलेला नाही.)

माझे मामा ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. स्कूल म्हणजे एक मामा, एक पाटी आणि एक गाडी. गाडी गेल्या वर्षी घेतलेली, किल्ली जवळ आली की दार आपोआप उघडणारी. मामा किल्ली दाराजवळच्या खुंटीला अडकवत आणि दुपारी जेवून निर्धास्त आडवे होत.

अशाच एका दुपारी दोन सद्‌गृहस्थ आले. एकाने हातातली चपटी पेटी मामांच्या दाराला टेकवली, दुसरा गाडीपाशी उभा राहिला. पेटीने किल्लीचा क्षीण संदेश उचलला आणि गाडीपर्यंत पोचवला. गाडीने प्रश्न विचारला, खुंटीवरच्या किल्लीने प्रामाणिकपणे बरोबर उत्तर दिले आणि गाडी निघून गेली. काच फुटली नाही, ओरखडा उमटला नाही, मामांची झोपही मोडली नाही. (समोरच्या सलूनवाल्याला ते नवे विद्यार्थी वाटले. गाडी फारच छान चालवत होते, तेवढे मात्र त्याला खटकले.)

मी विज्ञान शिकलेली भाची, म्हणून मामा-मामींबरोबर गाडीच्या कंपनीत मलाही जावे लागले. काचेच्या केबिनमध्ये सुरक्षा अधिकारी बसले होते.

“किल्ली कुठंय?”

“ही काय, माझ्या हातात.”

“आणि दुसरी?”

“हिच्या पर्समध्ये.”

अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. “मग काका, काहीच गेलेलं नाही तुमचं!”

“अहो, गाडी गेलीय!”

“किल्लीशिवाय आपली गाडी जागची हलत नाही. किल्ल्या तुमच्याकडे आहेत. म्हणजे ती हललेली नाही.”

“मग आहे कुठे?”

“होती तिथेच.”

मामी उठली. “चला हो. घरी जाऊन नीट बघू. सोफ्याखाली गेली असेल मेली.”

मला त्या युक्तिवादात चूक सापडली नाही. गृहीतक एवढे भक्कम असले की जुळवून घेण्याची जबाबदारी वस्तुस्थितीवर येते. कंपनीची आकडेवारीही बोलकी आहे. किल्ली मालकाकडे असताना चोरीला गेलेल्या गाड्या: शून्य. (गेलेल्या गाड्या ‘जागेवर असलेल्या’ या सदरात धरतात.)

भरपाई मिळाली तर दुसरी गाडी, नाहीतर पाटी उतरवायची, एवढाच प्रश्न उरला होता. त्यासाठी विमा कंपनीचे सर्वेक्षक घरी आले. त्यांनी रिकाम्या जागेभोवती एक फेरी मारली, मग किल्ली हातात घेऊन बराच वेळ पाहिली. बटणे दाबून बघितली. निष्कर्ष: दोन्ही किल्ल्या उपस्थित, बॅटरी उत्तम, गाडीची स्थिती समाधानकारक. भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.

यानंतर सगळेच सरळ होत गेले. शेजाऱ्याने रिकाम्या जागेत स्कूटर लावली, तेव्हा इमारतीच्या सेक्रेटरींनी त्याला दुसऱ्याच्या गाडीत स्कूटर घातल्याबद्दल समज दिली. सकाळी विद्यार्थी येतच होते. मामांनी त्या जागेत दोन खुर्च्या मांडल्या, एकीवर विद्यार्थी, शेजारी स्वतः, हातात किल्ली.

“क्लच दाबा. अहो, हळू, पाय आपटू नका! आरशात बघा. काय दिसतंय?”

“स्कूटरवाला, सर. चिडलाय.”

“हॉर्न द्या.”

विद्यार्थी तोंडाने हॉर्न देत. शिकवण्याचा दर्जा झपाट्याने सुधारला. गाडी मध्येच बंद पडत नाही, खांबाला घासत नाही, पेट्रोल लागत नाही. अपघातांचे प्रमाण नगण्य आहे. (एका बाईंनी करकचून ब्रेक मारल्याने खुर्ची उलटली. चूक बाईंची होती.)

फक्त एका संध्याकाळी खुर्च्या आत नेताना मामा मला म्हणाले, “यांना एकदा तरी खरा रस्ता दाखवायला हवा होता गं.” आणि पाटीवरची धूळ पुसत उभे राहिले.

कंपनीने मात्र वाऱ्यावर सोडले नाही. किल्लीचा संदेश बाहेर जाऊ नये म्हणून ती घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा, असे त्यांनी कळवले. शास्त्रीयदृष्ट्या सल्ला अचूक आहे, मी तपासून पाहिले. डबा आता कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली मामांच्या उशाखाली. गाडी चोरीला जाणे आता सर्वस्वी अशक्य झाले आहे. मामांना दुपारची झोप पूर्वीसारखी लागते.

आपण हसलात, हरकत नाही. पण वाचता वाचता आपला हात एकदा खिशाकडे किंवा पर्सकडे गेला. किल्ली लागली. बरे वाटले. आणि उठून खिडकीतून खाली मात्र आपण पाहिले नाही.