पाठीचा ओळंबा

निंबोळ्यात लग्न झालं की महिन्याच्या आत घर सरळ ठेवणार की वाकडं ते नगरपालिकेला कळवावं लागतं, आणि एकदा कळवलं की बदलता येत नाही. सिंधूचा नवरा गवंडी, ओळंब्याचा माणूस. त्यानं बायकोला विचारलंसुद्धा नाही, सरळ असं कळवून मोकळा झाला. धाकटी जाऊ रंजना हिनं शेजारच्याच दोन खोल्यांत वाकडं घेतलं. अंगण तेवढं मधोमध चुन्याची रेघ मारून वाटलं.

तेव्हापासून सिंधूकडे सुरी, उलथणं, चौकोनी डबे आणि चौकोनी पोळ्या. रंजनाकडे विळी, कढई, पळी, हंडे. बांगड्यांना आणि डोळ्यांना सवलत आहे. आसवांना नाही. ती गोल असतात, म्हणून सरळ घरातल्या बाईला रडायचं झालं तर वाकड्या हद्दीत जावं लागतं. रंजनाच्या दारात जाऊन रडण्यापेक्षा न रडलेलं बरं, म्हणून सिंधू लग्न झाल्यापासून रडलीच नव्हती.

सासूबाई सिंधूकडे राहायच्या. दोघी सुना त्यांना आत्या म्हणत. रंजनाकडे कढई असेल, चकल्या असतील, पण आत्या आपल्याकडे आहेत, या एका गोष्टीवर सिंधूनं इतकी वर्षं काढली. त्यांच्यासाठी ती खोबऱ्याच्या वड्या थापायची, संध्याकाळी त्यांच्या पाठीला तिळाचं तेल चोळायची. तरी पाठ वाकत गेली.

वार्षिक तपासणीला आकार-निरीक्षक टोणपे आले. त्यांनी आत्यांच्या मानेपाशी ओळंबा धरला आणि एक डोळा मिटून पाहिलं.

“पाठ सुटलीय. यांना पलीकडे पाठवा.”

“अहो साहेब, माणूस आहे ते. माणसाला कसला आकार?” सिंधू म्हणाली.

“तसंही धरता येतं,” टोणपे म्हणाले. “पण आकारच नसलेल्याला कुठल्याच घरात ठेवता येत नाही. धरू का तसं?”

“नको.”

मग काठीचा प्रश्न निघाला. मूठ वाकडी, खाली सरळ. टोणप्यांनी सिंधूकडचीच करवत मागून घेतली. मूठ आत्यांबरोबर गेली आणि काठी सिंधूच्या कोपऱ्यात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आत्या रंजनाच्या वाकवलेल्या कोपराला धरून अंगणात फिरू लागल्या. सिंधूच्या अंगाचा तिळपापड झाला. आपला हात त्यांनी कधी असा धरला नव्हता. धरतील कशाला, काठी होती ना! त्यात दिवाळी आली. रेघेपलीकडून तळणीचा वास येई आणि आत्या चकली खात त्याचा आवाजही येई. म्हणजे माझ्या वड्या काय मेल्या नाइलाजानं खाल्ल्या? सिंधू रात्रंदिवस जळत होती, आणि जळणाऱ्या माणसाला दुसरं काम सुचत नाही.

तिनं वाकायचं ठरवलं. ती वाकून झाडी, वाकून पाणी भरी, आणि नवऱ्याचा ओळंबा पाठीला लावून बघे.

“तू पलीकडे गेलीस तर पोळ्या कोण लाटणार?” नवऱ्यानं विचारलं.

“उलथण्याला विचारा,” सिंधू म्हणाली.

पुढच्या तपासणीला ती जमेल तेवढी वाकून अंगणात उभी राहिली. टोणप्यांनी ओळंबा धरला आणि लगेच गुंडाळलाही.

“बाई, हा आणलेला बाक आहे. ओळंब्याला कळतं ते. सरळ.” आणि ते पुढच्या घराकडे वळले.

आत्या रेघेपलीकडे उभ्या राहून बघत होत्या.

“अशी एकदम कमरेतून नाही वाकायचं, सिंधू,” त्या मायेनं म्हणाल्या. “आधी मान, मग खांदे, कंबर शेवटी. घाई केली की उघडं पडतं. मला किती दिवाळ्या लागल्या.”

वाकलेली सिंधू सरळ झाली.

“म्हणजे तुम्ही मुद्दाम वाकलात?”

“तुझं तेल आडवं येत होतं बघ. जरा वाकले की तू चोळायचीस, आणि पाठ परत ताठ.”

“चकलीसाठी, आत्या?”

“तुकडे पुष्कळ खाल्ले गं तुझ्याकडे. अगदी बारीक मोडला की सरळ धरतात. अख्खी खावीशी वाटत होती.”

सिंधूचे ओठ थरथरायला लागले.

“रडणार असलीस तर रेघेच्या अलीकडे ये,” आत्या म्हणाल्या. “टोणपे अजून गल्लीतच आहेत.”

सिंधू पहिल्यांदाच रेघ ओलांडून गेली. बसायला पाट मिळाला नाही. त्या घरात पाट नसतो. म्हणून ती ताठ उभी राहून रडली. रंजना दारातून बघत होती.

“मला नाही कुणी कधी तेल चोळलं,” ती म्हणाली. मग आत जाऊन एक चकली घेऊन आली. ती मोडली, परत मोडली, आणि सरळ म्हणून चालेल एवढासा तुकडा तिनं सिंधूच्या हातावर ठेवला.

सिंधूनं तो तोंडात टाकला. चकली फार चांगली झाली होती, आणि नेमकं तेच तिला सहन होईना.