चपलांची ओपीडी

मुलांनो, आरोग्यसेवेत सर्वांत आधी शिस्त येते, मग औषध येते, आणि आजारी माणूस जागा उरली तर येतो. हे नीट समजायचे असेल तर डोळे मिटा आणि कल्पना करा. (मिटल्यावर वाचायचे कसे, असे विचारू नका. एक डोळा मिटलात तरी चालेल.)

अकोल्यात एक मोठा दवाखाना आहे. त्याच्या थंड व्हरांड्यात, पंख्याखाली, एक लांबलचक रांग लागली आहे. रांगेत माणूस एकही नाही, नुसत्या चपला आहेत. ज्याची चप्पल पुढे, त्याचा नंबर पुढे. चपलांचे मालक फाटकाबाहेर, उन्हात, कागदी पुठ्ठ्याने वारा घेत उभे आहेत.

पूर्वी या रांगेत माणसेच उभी राहत. परंतु माणसांत काही दोष आढळून आले. माणूस खोकतो, पाणी मागतो, डॉक्टर कधी येणार म्हणून विचारतो आणि कधीकधी उभ्या जागी कोसळतो. चप्पल यातले काही करत नाही. सबब व्यवस्थापनाने रुग्णाऐवजी चप्पल ही योजना अमलात आणली. गुणवत्ता तपासायला समिती आली तेव्हा तिने व्हरांड्यात फिरून रांगेतल्या प्रत्येकीची पाहणी केली. एकीचीही तक्रार निघाली नाही. शंभर टक्के समाधानाचे ते प्रमाणपत्र आता दारावर काचेच्या चौकटीत लावले आहे. (नाडीचे बूट रांगेत नसतात. ते बाजूच्या दाराने थेट आत जातात. त्या दाराचे भाडे वेगळे आहे.)

तेल्हाऱ्याकडच्या देवानंदला ही पद्धत मनापासून आवडे. वांगी आणि टमाटे पिकवणारा माणूस तो. माल मंडीत वेळेवर पोचला पाहिजे, हे त्याच्या रक्तातच होते. त्याची आई मनकर्णा हिला चार पावले चालली की धाप लागे. सरकारी दवाखाना जवळच होता. तिथे छाती तपासायचे यंत्र होते, यंत्र चालवणाऱ्याचे पद मंजूर होते आणि त्या पदाला खुर्चीही दिलेली होती. एवढी तयारी असताना माणूस नेमून ती बिघडवावी, असे कुणाला वाटले नव्हते.

म्हणून देवानंदने अकोला ठरवले. पहाटेच्या भाजीच्या गाडीत, वांग्यांच्या क्रेटवर, त्याने आईच्या चपला बसवल्या आणि ड्रायव्हरला बजावले, "मंडीच्या आंधी दवाखाना. लाइनीत नीट ठेवजो बापा, घरची बाई समजून." चपला सकाळीच पोचल्या आणि त्यांना छान पुढची जागा मिळाली. मागाहून एसटीच्या गर्दीत उभी राहून, मुलगा आणि नातीसोबत, मनकर्णाबाई आली. अनवाणी आली, कारण तिच्याकडे चपलांचा तेवढा एकच जोड होता.

"आजी, तुये पाय पोळून राहिले न?" देवानंदची मुलगी खुशी म्हणाली. ती पाचवीत होती, म्हणजे अजून प्रश्न विचारायच्या वयाची होती. "चपला आत सावलीत, अन् तू भाईर कावून?"

"अवं, चपला आजारी हायेत वाट्टे," आजी हसली आणि त्या हसण्यानेच तिला खोकला आला. खोकला थांबेना. ती फाटकाला धरून खाली बसली. ओठ निळसर दिसू लागले.

देवानंद घाबरला. रांग सांभाळणाऱ्या चंद्रभानकडे धावला. "भाऊ, मायी माय पाहा, दम कोंडून राहिला तिचा! आत घ्या न!"

चंद्रभान स्वभावाने दयाळू होता, परंतु नियमानेही बांधलेला होता. त्याने व्हरांड्यात वाकून पाहिले. "तुमची चप्पल तं मजेत हाय. तिले काई तरास हाय काय?"

"चपलेले कायचा तरास होते हो!"

"मंग? नंबर तिचा हाय. बुढीले पानी पाजा."

 देवानंदला उत्तर पटले, आणि पटले म्हणूनच तो पाणी शोधायला वळला. एवढ्यात खुशी फाटकाखालून आत सरपटली. तिने आजीच्या चपला रांगेतून उचलल्या, मधोमध उलट्या टाकल्या आणि बोंब ठोकली, "काका! आमची चप्पल पडली! हालून नाई राहिली!"

आता मात्र काम निघाले. "रांगेत कोणी पडल्यास ताबडतोब आत घ्यावे" हा माणसांच्या काळातला नियम अजून रद्द व्हायचा होता. स्ट्रेचर आले. चपला त्यावर ठेवल्या गेल्या. अंगठ्यापर्यंत पांढरी चादर ओढली गेली.

"संग कोन हाय? एकच नातेवाईक चालते," चंद्रभान म्हणाला.

"हे आजी हाय न! तिच्याच पायात लहानाच्या मोठ्या झाल्या त्या," खुशी म्हणाली.

नातेवाईक फारच दमलेली दिसत होती, म्हणून चंद्रभानने आपल्या अधिकारात तिलाही स्ट्रेचरवर, चपलांच्या शेजारी बसवले. डॉक्टर चांगले होते. त्यांच्यापुढे माणूस आणला की ते बरोबर ओळखत. त्यांनी चपला बाजूला केल्या आणि आजीच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. हळूहळू श्वास सरळ झाला, ओठांवर रंग आला. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होते, असे डॉक्टर देवानंदला म्हणाले. देवानंद भिंतीला टेकून लेकरासारखा रडला.

फाटकाबाहेर मात्र लोक खवळले होते. "लाइन तोडली! आमी काय येडे हाओत? कालच्या पोरीनं फसवलं!" या आरडाओरड्यात सर्वांत मोठा आवाज तुमचा होता. होय, तुमचाच. एक डोळा मिटून तुम्हीही तिथे येऊन उभे होतातच की, आणि आल्या आल्या पहिले काम म्हणून चप्पल रांगेच्या शेवटी ठेवली होतीत.

खुशी बाहेर आली. ती घाबरली नाही, भांडलीही नाही. तिने तुमच्याकडे पाहिले, रांगेत वाकली आणि आजीच्या चपलांच्या पुढच्या रिकाम्या जागेवर तुमची चप्पल सरकवली.

तुम्ही लगेच गप्प झालात.