पन्नास ग्रॅमचा अंगठा

"वजाबाकी शिकवायला शाळा लागत नाही, अक्कल लागते!" किराणा दुकानदार गरजला आणि त्याने पोरीची वही काउंटरवर आपटली. वहीत लाल फुल्याच फुल्या! खाली शाळेतल्या बाईंचा शेरा: 'वजाबाकी अजिबात येत नाही. घरी लक्ष द्यावे.'

घरी लक्ष द्यावे! जो माणूस सकाळपासून किलो आणि ग्रॅम यांच्याशीच झटापट करतो, त्याच्या पोटच्या पोरीला वजाबाकी येत नाही? त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशी ती रोजच जायची. आज दुकान उघडायच्या आधीच गेली.

"ओरडून येत असती तर आतापर्यंत शेजाऱ्यांनाही वजाबाकी आली असती," बायको म्हणाली. "गोष्टीतून सांगा. हसली की शिकते ती."

"सांगतो! अशी सांगतो की जन्मात विसरणार नाही!"

सात वर्षांच्या पोरीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. तिला त्याने तांदळाच्या पोत्यावर बसवलं.

"एक होता लबाड दुकानदार. गिऱ्हाइकाने मागितली किलोभर साखर. याने मोजताना तराजूवर हळूच अंगठा टेकवला. अंगठ्याचं वजन पन्नास ग्रॅम. मग साखर गेली किती?"

भिंगरीने जांभई दिली. "तो दिसायचा कसा?"

"मला काय माहीत!"

"मग कसली गोष्ट?"

दुकानदाराने दात खाल्ले. "दिसायचा... माझ्यासारखा! टक्कल, मिशा, आणि सारखा ओरडायचा!"

भिंगरी खदाखदा हसली. "नऊशे पन्नास!" म्हणाली.

अचूक! मग लबाड दुकानदाराने मिठावर कोपर टेकवलं, डाळीवर तर चक्क बैठक मारली. भिंगरीची सगळी उत्तरं बरोबर! दुकानदार असा फुगला की बंडीचं बटण तुटायचंच बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी विचारलं, "अगं, एका रात्रीत वजाबाकी कशी आली तुला?"

"बाबांमुळे!" भिंगरी उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली. "बाबा साखरेवर अंगठा ठेवतात ना, तो पन्नास ग्रॅमचा असतो! आणि डाळीवर ते बसतात!"

अर्ध्या वर्गाच्या घरचा किराणा त्याच दुकानातून यायचा. बाईंचासुद्धा!

संध्याकाळी गल्लीच्या टोकाशी माणसांचा घोळका दिसला तेव्हा दुकानदाराला आधी आनंदच झाला. पण प्रत्येकाच्या हातात कालपरवाच नेलेली पुडी होती. सर्वांत पुढे पोस्टमन.

"अंगठा दाखव!" पोस्टमन ओरडला.

"काय?"

"उजवा! दाखव म्हणतो ना!"

"लाज नाही वाटत?" मागून शिंपीणबाई कडाडल्या. "डाळीवर बसता? आम्ही ती खातो हो!"

सगळा प्रकार कळायला त्याला दोन मिनिटं लागली, आणि कळल्यावर तो संतापाने लालबुंद झाला. "गोष्ट होती ती! पोरीला हसवायला सांगितलेली गोष्ट! पंधरा वर्षं इमानाने माप घातलं, आणि तुम्ही मला चोर ठरवता? बोलवा वजनमापाच्या साहेबांना! एका ग्रॅमने जरी कमी निघालं तर दुकानाला कुलूप घालून किल्ली विहिरीत टाकीन!"

"जरा जपून," बायको कुजबुजली. "घरात जायची वाट दुकानातूनच आहे."

साहेबांना तर शाळेच्या बाईंनी आधीच निरोप धाडला होता. ते आले, पिशवीतून आपलं पितळी किलोचं वजन काढून एका पारड्यात ठेवलं, दुकानदाराचं लोखंडी वजन दुसऱ्यात. लोखंडी वजनाचं पारडं धाडकन खाली गेलं.

"बघा! चोर!" पोस्टमन नाचला.

"गप्प बसा हो," साहेब म्हणाले. "याचं वजन जड आहे. किलो म्हणून हा तुम्हाला एक हजार पंचेचाळीस ग्रॅम देतोय." त्यांनी चाकूने वजन खरवडलं. काळ्या रंगाखाली काळा रंग, त्याखाली आणखी काळा. "हे काय?"

"गंज चढू नये म्हणून," दुकानदार चाचरत म्हणाला. "दरवर्षी रंग देतो. चांगले दोन-दोन हात."

"पंधरा वर्षांत रंगच पंचेचाळीस ग्रॅम झालाय."

मग पोस्टमनला एकाएकी टपाल आठवलं. शिंपीणबाईंना चुलीवरचं दूध आठवलं. पुड्या छातीशी घट्ट धरून गल्ली बघता बघता रिकामी झाली. चुकलं म्हणून एकाने म्हणावं? नाव नको!

"इमानदार तर ठरलात," बायको म्हणाली.

"इमानदार कसला? गाढव ठरलो! पंधरा वर्षं डोळे मिटून वाटत सुटलो!"

साहेबांनी रंग खरवडून वजन बरोबर किलोचं केलं, त्यावर शिक्का मारला आणि ते गेले.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक पोस्टमनच. त्याने किलोभर साखरेची पुडी हातावर तोलली आणि डोळे बारीक केले. "कमी आहे."

"साहेबांचा शिक्का आहे वजनावर!" दुकानदार किंचाळला.

"शिक्का घाल चुलीत! इतकी वर्षं देत होतास, तेवढी दे!"

"मापात मारतोय!" मागे रांगेतून शिंपीणबाई ओरडल्या. "जुनं माप काढा!"

शाळेच्या बाईंनी पुढे होऊन भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. "तूच सांग बाळ. आधी मिळायची एक हजार पंचेचाळीस, आज मिळाली एक हजार. बाबांनी किती कमी दिली?"

भिंगरीने बोटं मोजली नाहीत की इकडेतिकडे पाहिलं नाही. "पंचेचाळीस ग्रॅम!"

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

दुकानदार पाय आपटत मागच्या खोलीत गेला आणि फळीवरची एकेक वस्तू खाली फेकू लागला.

"अहो, काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"रंग!" तो ओरडला. "काळ्या रंगाचा डबा कुठे ठेवलास?"